जुन्या हूडमध्ये एलईडी बसवायचाय – दीड फुटी टँक, बेळगाव

शहापूर_टँक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १८ × १० × १२ इंचांचा माशांचा साधा काचेचा टँक आहे, वर काळं प्लास्टिकचं हूड, म्हणजे दिवा बसवायची सोय असलेलं झाकण. हूडमध्ये एकच पिन होल्डर, त्यात ११ वॅटचा सीएफएल होता. तो गेला. गल्लीतल्या दुकानात आता सीएफएल ठेवतच नाहीत. खडेबाजारात एका ठिकाणी मिळत होता, पण पिवळ्या उजेडाचा. म्हणून एलईडीच करून टाकावं म्हणतोय.

आत गप्पी आणि थोडे कोरीडोरास मासे आहेत. झाडांत अनुबियास, जावा फर्न आणि मागच्या बाजूला वॅलिसनेरिया. खडी सोडून पाणी साधारण २८ लिटर भरतं. हूड आतून १६ इंच लांब, ६ इंच रुंद, उंची जेमतेम २ इंच.

होल्डरमध्ये एलईडी बल्ब लावू की पट्टी चिकटवू? किती वॅट लागेल? रोज सकाळी आई झाकण उघडून मासे चारते, तिचा हात कायम तिथं ओला असतो. त्यामुळं शॉकचं आधी बघायचंय. हूड काढूनच टाका असं कुणी सांगू नका, गप्पी उड्या मारतात आणि शेजारचं मांजर घरात येतं.

निपाणी_नाका

९ वॅटचा एलईडी बल्ब त्याच होल्डरमध्ये घाला की. ९०० लुमेन (उजेडाचं माप) मिळतात. पाच मिनिटांचं काम.

उद्यमबाग_फिटर

निपाणीकर, उभ्या होल्डरला तुमचं बरोबर आहे. हूडमध्ये होल्डर आडवा असतो, घोटाळा तिथं होतो. सीएफएलची नळी चहूबाजूंनी उजेड टाकायची, त्यामुळं आडवी लावली तरी निम्मा उजेड सरळ खाली पाण्यात जायचा. एलईडी बल्बच्या आत चिप्स एका चकतीवर बसवलेल्या असतात आणि त्यांचं तोंड घुमटाकडे. बल्ब आडवा लावला की त्यांचा मुख्य झोत हूडच्या बाजूच्या भिंतीवर पडतो. पॅकेटवर ९०० लुमेन असले तरी पाण्यात उतरणारा उजेड बराच कमी.

दुसरं, त्या बल्बच्या बुडात ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज देणारं सर्किट) असतो, त्यात कपॅसिटर. बंद हूडमध्ये गरम हवा कोंडते आणि तो कपॅसिटर आधी मरतो. बंद फिटिंगमध्ये वापरू नका असं बऱ्याच बल्बच्या खोक्यावर लिहिलेलंच असतं. वरून वाफ. आणि मुख्य म्हणजे २३० व्होल्ट तसेच पाण्याच्या डोक्यावर राहतात, जे शहापूरवाल्यांना नकोय.

माझं सांगणं एकच: एलईडीचा उजेड हा यातला सोपा भाग आहे, तो कसाही मिळतो. खरं काम आहे ते उष्णता बाहेर काढण्याचं, वाफ जोडापर्यंत पोचू न देण्याचं आणि मेनची वीज हूडच्या बाहेर ठेवण्याचं. या तीन गोष्टी धरून मी असं करेन:

होल्डर, जुनी वायर, सगळं काढून टाका. होल्डरचं भोक बुजवायची गरज नाही, तिथूनच नवी वायर घ्या. आत फक्त १२ व्होल्ट डीसी जाईल. १२ व्होल्टची पांढरी पट्टी घ्या, २८३५ जातीची, मीटरला १२० एलईडीवाली. ती मीटरला साधारण ९.६ वॅट खाते. दर तीन एलईडीनंतर, म्हणजे २.५ सेंमीवर कापायची खूण असते. तुमच्या हूडमध्ये ४० सेंमीचे तुकडे बसतील.

पट्टी प्लास्टिकवर थेट चिकटवू नका. एलईडीचा उजेड थंड वाटतो, पण चिपच्या पाठीमागे उष्णता होतेच, आणि प्लास्टिक ती वाहून नेत नाही. पाठीचा गम आधी मऊ पडतो, मग वाफेनं सुटतो. माझ्या भावाच्या टँकला दुकानदारानं बसवून दिलेली पट्टी अशीच एका टोकानं लोंबून पाण्याला टेकली होती. ॲल्युमिनियमचा फ्लॅट, म्हणजे चपटी पट्टी घ्या, पाऊण ते एक इंच रुंद, २ ते ३ मिमी जाड. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे असे तुकडे पडलेले असतात. फ्लॅट बारीक सँडपेपरनं घासा, थिनरनं पुसा, मग पट्टी चिकटवा आणि दोन्ही टोकांना केबल टायनं आवळा. गम सुटला तरी पट्टी पडत नाही.

फ्लॅट हूडला स्टेनलेसच्या स्क्रूनं लावा आणि मध्ये ५ मिमीचा वॉशर किंवा स्पेसर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. साधा लोखंडी स्क्रू गंजून त्याचं पाणी टँकमध्ये ठिबकतं.

वायरमन_संकेश्वर

वरच्या पोस्टला पूर्ण पाठिंबा. विजेबद्दल मी भर घालतो, कारण १२ व्होल्ट म्हटलं की लोक निर्धास्त होतात.

ॲडॅप्टर कुठला आहे त्यावर सगळं आहे. चांगल्या ॲडॅप्टरमध्ये आत ट्रान्सफॉर्मर असतो, मेनची बाजू आणि १२ व्होल्टची बाजू यांचा तारेनं संबंध नसतो. पण बाजारात काही स्वस्त एलईडी ड्रायव्हर असे येतात ज्यांत ट्रान्सफॉर्मर नसतोच, कपॅसिटर आणि रेझिस्टरवर व्होल्टेज पाडलेलं असतं. मीटर दोन टोकांत कमी व्होल्ट दाखवतो, पण त्यातलं एक टोक जमिनीच्या मानानं पूर्ण २३० वर असू शकतं. असा ड्रायव्हर टँकच्या जवळपास नको. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि आर पासून सुरू होणारा नोंदणी नंबर छापलेला ॲडॅप्टरच घ्या. जुन्या राउटरचा किंवा सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा ॲडॅप्टर घरात पडलेला असेल तर उत्तम, फक्त त्यावर किती अँपिअर लिहिलंय ते बघा.

हिशेब सोपा आहे. ४० सेंमीचे दोन तुकडे म्हणजे ०.८ मीटर, ७.७ वॅट. भागिले १२, म्हणजे ०.६४ अँपिअर. १ अँपिअरचा ॲडॅप्टर चालेल. तीन तुकडे केलेत तर ११.५ वॅट, ०.९६ अँपिअर, मग १ चा काठावर येतो, दीड किंवा दोनचा घ्या. ॲडॅप्टर कायम काठावर चालवला की तापतो.

ॲडॅप्टर टँकच्या वर फळीवर ठेवू नका. वायर टँकवरून निघून सॉकेटला जाताना आधी सॉकेटच्या खाली उतरली पाहिजे आणि मग वर चढली पाहिजे. वायरवरून ओघळलेलं पाणी खालच्या वळणावर गळून पडतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. फिल्टर आणि हीटरच्या वायरीलाही हेच करा.

आणि आईंचा हात म्हणालात म्हणून: हूड १२ व्होल्टचं केलंत तरी पाण्यात फिल्टर मेनवरच चालतो ना? त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या. एमसीबी (जादा करंट झाला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही, सहा अँपिअरच्या एमसीबीला हाताला बसलेला शॉक कळतसुद्धा नाही. अर्थिंगही तपासा. अर्थ नसेल तर गळती वाट बघत बसते आणि हात लागल्यावर माणसातून जाते, तेव्हा कुठं आरसीसीबी पडतो. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनला नुसतं भोक असतं, मागं तारच नसते. पाण्यात हात घालताना प्लग काढायचा, ही सवय घरात सगळ्यांना लावा.

शहापूर_टँक

अण्णा, धन्यवाद. घर जुनंच आहे, अर्थिंग तपासून घेतो. पट्टी आयपी ६५ ची घेतली तर वाफेची काळजी मिटेल ना?

उद्यमबाग_फिटर

नाही मिटत. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सहन होतो. हूडमध्ये फवारा नसतो, तिथं रात्रंदिवस ओल साचलेली असते, आणि ती कापलेल्या टोकातून शिरते. कारखान्यातून आलेलं टोक बंद असतं, तुम्ही कात्री चालवलीत की ते उघडं पडतं. एकदा ओल शिरली की वायर जोडायच्या तांब्याच्या टिकल्या हिरव्या पडतात, मग तीन-तीन एलईडीचा एकेक गट विझत जातो.

क्लिपवाले कनेक्टर इथं अजिबात नकोत. वायर सोल्डरच करा. टोकावरचं सिलिकॉन नखानं सोलून काढा, टिकलीवर आधी सोल्डरचा पातळ थर द्या, मग वायर टेकवा. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि दोन्ही टोकं सिलिकॉननं बंद करा.

सिलिकॉन कुठलं, हे महत्त्वाचं. टँक जोडायला वापरतात त्याला व्हिनेगरसारखा वास येतो. काचेला ते उत्तम, पण सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि ते तांबं खातं. सोल्डरवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं सिलिकॉन वापरा. बाथरूमसाठीचं बुरशीरोधक मात्र घेऊ नका, त्यातलं औषध माशांना चालत नाही.

काकती_रोड

चेरी श्रिंप किंवा गोगलगायी असतील तर त्या हिरव्या पडलेल्या तांब्याचा विचार जास्तच करा. तांबं त्यांना फार कमी प्रमाणातही विषारी ठरतं. माशांच्या काही औषधांतही तांबं असतं, म्हणूनच श्रिंपच्या टँकमध्ये ती घालत नाहीत.

खानापूर_पाणवेल

आता थोडं झाडांच्या बाजूनं बोलते. वॅट सोडा, लुमेन भागिले लिटर असा हिशेब धरा. अनुबियास, जावा फर्न, मॉस यांना लिटरमागे १० ते २० लुमेन पुरतात. २० ते ४० म्हणजे मध्यम, त्यात वॅलिसनेरिया आणि क्रिप्टोकोरीन चांगल्या वाढतात. ४० च्या वर गेलात की कार्बन डायऑक्साइड आणि खत द्यावंच लागतं, नाही तर झाडाऐवजी शेवाळ वाढतं. हे नियम ढोबळ आहेत, पण १२ इंच उंचीच्या टँकला लागू पडतात.

अशा पट्टीतून वॅटला ८० ते ९० लुमेन धरले तर दोन तुकड्यांचे ६५० च्या आसपास होतात, २८ लिटरला लिटरमागे २३. तुमच्या झाडांना एवढं भरपूर. तिसरा तुकडा लावूच नका असं माझं मत. सगळेजण उजेड कमी पडेल म्हणून घाबरतात आणि महिन्याभरात काचेवरचं शेवाळ खरवडत बसतात.

रंग ६५०० केल्विनच्या जवळपासचा घ्या, दुकानात कूल व्हाइट म्हणून मिळतो. सीआरआय ८० च्या वर असेल तर माशांचे रंग खरे दिसतात, गप्पीच्या शेपटीतला लाल मातकट दिसत नाही. गुलाबी-जांभळ्या ग्रो लाइटची गरज नाही. पांढऱ्या एलईडीच्या आत निळी चिप असते, तिच्यावरचा फॉस्फर त्या निळ्यातल्या काही उजेडाचा पिवळा-लाल करतो. पानातलं हरितद्रव्य निळा आणि लाल दोन्ही घेतं, आणि या पांढऱ्यात दोन्ही आहेत. निळ्या एलईडीचं २०१४ चं नोबेल मिळालं ते यासाठीच, तिच्याशिवाय पांढरी एलईडी झालीच नसती. मी शाळेत हे शिकवताना मुलांना माझ्या टँकचाच फोटो दाखवते.

वेळ: सुरुवातीला रोज ६ तास, पंधरवड्यानंतर ७, फार तर ८. नव्या दिव्यानंतर झाडांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, शेवाळाला लागत नाही. आणि एक बघा, तुमच्या घरात काचेचं कौल आहे का? आमच्याकडे जुन्या घरांत माजघरात असतं. त्यातून दुपारी उन्हाचा पट्टा टँकवर पडत असेल तर हूडमधला उजेड कितीही मोजून लावा, हिशेब चुकणारच. टँक सरकवा.

शहापूर_टँक

ताई, काचेचं कौल आहे खरं! पण स्वयंपाकघरात. टँक सोप्यात आहे, तिथं ऊन येत नाही.

टायमर लावावा का? आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जा-ये करते.

वायरमन_संकेश्वर

लावा, पण गोल चकतीचा यांत्रिक टायमर घेऊ नका. लाईट गेली की त्याचं घड्याळ थांबतं. आठवडाभरात दिवा रात्री नऊला सुरू व्हायला लागतो. आत छोटी बॅटरी असलेला डिजिटल घ्या, त्याची वेळ टिकते.

जांबोटी_पाऊस

आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नसतो. १२ व्होल्टची पट्टी आहे तर इन्व्हर्टरच्या बॅटरीवरच जोडली तर? मधला ॲडॅप्टर वाचतो.

वायरमन_संकेश्वर

जोडू नका. बॅटरी चार्ज होताना तिच्या टोकांवर १४ व्होल्टच्या वर जातात. पट्टीत तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी साखळी असते. तीन एलईडी मिळून ९ व्होल्टच्या थोडे वर घेतात, उरलेले पावणेतीन रेझिस्टरवर पडतात आणि करंट त्यावर ठरतो. बॅटरी १४.४ ला गेली की रेझिस्टरवर ५ च्या आसपास पडतात. म्हणजे व्होल्टेज २० टक्के वाढलं तरी करंट दीडपटीच्या पुढे जातो. आधीच तापणाऱ्या हूडमध्ये एवढा करंट पट्टी जाळतो. करायचंच असेल तर मध्ये १२ व्होल्ट स्थिर देणारा बक-बूस्ट कन्व्हर्टर घाला आणि बॅटरीजवळ फ्यूज.

खानापूर_पाणवेल

पण मुळात लाईट गेल्यावर दिवा कशाला हवा? मासे अंधारात आरामात राहतात, झाडांनाही एखादा दिवस काही होत नाही. बॅकअप द्यायचा तर हवेच्या पंपाला द्या. फिल्टर तासन् तास बंद राहिला की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो, फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरायला लागतात. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप मिळतो, जांबोटीसारख्या ठिकाणी तो घरात असलाच पाहिजे.

चिकोडी_बेट्टा

धागा वाचून माझंही हूड उघडलं. माझ्यात अजून ४० वॅटचा तारेचा बल्ब आहे! तोही बदलावा म्हणतो. एकच बेट्टा मासा आहे, २० लिटर पाणी.

उद्यमबाग_फिटर

बदला, पण हीटर आधी आणा. ४० वॅटच्या तारेच्या बल्बची जवळजवळ सगळी वीज उष्णताच होते आणि २० लिटर पाण्याला ती पुरेशी ऊब देते. तुम्हाला आजवर हीटर लागला नाही तो त्यामुळं. ५-६ वॅटची एलईडी लावली की ही ऊब जाते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो, छोटा टँक सकाळपर्यंत खोलीइतका गार होतो. बेट्टाला २५ ते २८ अंश लागतात. थंड पाण्यात तो खात नाही, तळाशी बसून राहतो आणि रोग पकडतो. २० लिटरला २५ वॅटचा, फार तर ५० वॅटचा थर्मोस्टॅटवाला हीटर पुरेल.

चिकोडी_बेट्टा

हे माझ्या लक्षातच आलं नसतं. मागच्या थंडीत बल्ब दोन दिवस बंद होता तेव्हा तो असाच तळाशी बसला होता. हीटर आणतो.

निपाणी_नाका

बल्बचं माझं मत मागे घेतो, आडव्या होल्डरचं पटलं. पण एवढी सोल्डरिंग सगळ्यांना जमत नाही. १ फुटाची ५ वॅटची एलईडी बॅटन (ट्यूबसारखा तयार दिवा) मिळते, ती हूडमध्ये स्क्रूनं मारली तर?

वायरमन_संकेश्वर

बॅटन मेनवर चालते आणि तिची टोकं ओलीसाठी बंद केलेली नसतात. हूडच्या आत नको. टँकवर पूर्ण काचेचं झाकण असेल आणि बॅटन त्याच्या वर, बाहेर, कोरड्यात असेल तर मला हरकत नाही. सोल्डरिंग मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, दोन टिकल्यांचं काम आहे.

उद्यमबाग_फिटर

झाकणावरून आठवलं. शहापूरवाले, हूडच्या खाली ४ मिमीची काच टाकून घ्या, मासे चारायला एक कोपरा कापलेली. वाफ काचेलाच अडते, पट्टीचं आयुष्य वाढतं, बाष्पीभवनही कमी. मात्र काचेवर क्षार जमतात आणि उजेड खातात. दर आठवड्याला पुसा, डाग पक्के झाले तर पांढऱ्या व्हिनेगरनं पुसून पाण्यानं धुवा.

काकती_रोड

आणि जुना सीएफएल कचऱ्यात टाकू नका. त्यात थोडा पारा असतो. २०१६ पासून तो ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. फुटलाच तर खिडक्या उघडा, झाडूनं न उडवता ओल्या कागदानं तुकडे गोळा करा, हातात ग्लोव्ह्ज घालून.

शहापूर_टँक

काम झालं मंडळी. ४० सेंमीच्या दोन पट्ट्या, एकाच इंची फ्लॅटवर न बसवता दोन वेगळ्या फ्लॅटवर लावल्या, मध्ये तीन इंच अंतर. त्यामुळं मागच्या वॅलिसनेरियालाही उजेड पोचतोय आणि पुढच्या अनुबियासची सावली गेली. राउटरचा जुना १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॅप्टर निघाला, तोच वापरला. चार तास चालवून हात लावला तर फ्लॅट कोमट, ॲडॅप्टरही कोमट. काच टाकली. सोप्यातल्या सॉकेटला अर्थची तार नव्हतीच, ती ओढून घेतली आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवला. आई म्हणते मासे पहिल्यांदाच एवढे स्पष्ट दिसतायत.

एक शंका राहिली. दिवा एकदम लागला की गप्पी दचकून काचेला धडकतात. सीएफएलच्या वेळी असं होत नव्हतं.

उद्यमबाग_फिटर

सीएफएल हळूहळू पूर्ण तेजावर यायचा, एलईडी क्षणात लागते. ॲडॅप्टर आणि पट्टीच्या मध्ये १२ व्होल्टचा छोटा डिमर टाका, सॉफ्ट स्टार्टवाला मिळाला तर तोच, सावकाश तेज वाढवतो. तोवर टायमरची वेळ अशी ठेवा की खोलीत आधीपासून उजेड असेल, सकाळी नऊच्या पुढे. मासे काळोखातून एकदम उजेडात येत नाहीत, मग दचकणं बरंच कमी होतं. डिमर हूडच्या बाहेर ठेवा, त्याची पेटी ओलीसाठी बंद नसते.

शहापूर_टँक

टायमर साडेनऊला लावला. डिमर रविवारी आणतो.